निजका रंग

१२ जानेवारी

ताईंस नमस्कार,

परवा सकाळी मी कामावर गेलो, चपला काढल्या आणि सरळ मागाखाली उताणा झोपलो. दारातला हवालदार म्हणाला, "मास्तर, आता झोपायचाही पगार घेणार काय?" गालिच्याची पाठ बघायची तर दुसरा उपाय नसतो. पुढून गालिचा मऊ दिसतो, लोकरीची लव सगळं झाकून टाकते. पाठीमागून एकेक गाठ उघडी पडते. कोणी घाई केली, कोणाचा हात कुठे अडखळला, सगळं तिथे दिसतं. मी बराच वेळ तसाच पडून होतो. उठून कपडे झटकले तेव्हा तुम्हाला पत्र लिहायचं मनात आलं होतं.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुरुंगाच्या कारखान्यात गालिचे विणायला शिकवतो. कैदी नाही, पोलीसही नाही. सकाळी फाटकातून आत जातो, संध्याकाळी बाहेर येतो. शिक्षण गावच्या शाळेत झालं, पुढचं सगळं वस्तादांच्या मागावर. पत्रात चुका असतील तर पोटात घाला. तुरुंगातून पत्र आलं म्हणून घाबरू नका, कोणाची तब्येत बिघडलेली नाही. मला फक्त एक विचारायचं आहे. निजका म्हणजे कोणता रंग?

असं एकदम विचारलं तर तुम्हाला वेड लागलेला माणूस वाटेन, म्हणून आमची कामाची पद्धत सांगतो. एका मागावर चार जण ओळीने बसतात. प्रत्येकाच्या समोर आपापला पट्टा, आणि चारही पट्ट्यांवर नक्षी एकच. त्यांच्या मागे स्टुलावर एक जण नक्षीचा कागद घेऊन बसतो आणि मोठ्यांदा सांगतो, "दोन काळे. एक तांबडा. तीन पांढरे." त्याला आम्ही बोल्या म्हणतो. प्रत्येक बोलाला चौघं गाठ मारतात आणि एका सुरात म्हणतात, "बसली." दिवसभर कारखान्यात हेच चालतं. विणणाऱ्याने मान वर करायची नाही आणि बोलाचा विचार करायचा नाही. विचार केला की हात चुकतो. बोल्याने आकडा दिला नाही, तर पुढचा रंग येईपर्यंत तोच रंग चालू ठेवायचा. हे सगळं मीच त्यांच्याकडून घोटून घेतलं आहे.

आणि गेल्या आठवड्यात एक दिवस मी बायकोचा दात काढायला सुट्टी घेतली. त्या दिवशी आमच्या बोल्याने नक्षी सांगायच्या ऐवजी कविता म्हटली. त्याच स्टुलावर बसून, त्याच आवाजात. आणि चौघांनी ती विणून ठेवली.

मी आजोबांना विचारलं. आजोबा म्हणजे त्या चौघांतले एक, आमचे सगळ्यात वयस्क कैदी. "तुम्हाला तरी कळायला नको होतं?"

"कळलं की," ते म्हणाले. "पण 'थांबा' असा बोल कुठे आला?"

कवितेत रंग खूप आहेत. सगळे आमच्या गोदामात होते, एक सोडून. शेवटचा. बोल्या म्हणाला "निजका" आणि चौघांचे हात वरच्या वर राहिले. तिथे चारही पट्ट्यांवर ओळ अर्धी सुटली आहे, नुसते ताण्याचे उभे दोरे दिसतात. बोल्याला विचारलं तर म्हणतो, "तो रंग माझ्याकडे नाही, मास्तर. माझ्या मुलीकडे आहे."

तुमचा पत्ता मला कसा मिळाला ते विचारू नका. म्हणजे विचारा, पण पुढच्या पत्रात. मला कवितेतलं काही कळत नाही. शाळेत कविता म्हणजे पाठ करायची नि विसरली की हातावर पट्टी खायची, एवढंच माहीत. पण अशी बोटांनी पाठ झालेली कविता मी पहिल्यांदाच पाहिली, आणि तिच्यात एक रंग कमी आहे हे मला स्वस्थ बसू देत नाही.

मी पन्नाशीला टेकलो आहे. तुम्हाला अवघडल्यासारखं वाटत असेल तर मला काका म्हटलंत तरी चालेल.

आपला,
गालिचा मास्तर


२ फेब्रुवारी

ताई,

तुमचं कार्ड मिळालं. "माझे एकच काका होते. पुन्हा लिहू नका."

मी ते तीनदा वाचलं आणि बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुम्ही काहीतरी भलतं लिहिलंत. आधी जाऊन त्या माणसाला विचारा तरी." मी कोणत्याही कैद्याला तो आत का आला ते विचारत नाही. वस्तादांनी मला माणसाचे फक्त हात बघायला शिकवलं. आजवर या सवयीचा मला अभिमान होता. तुमचं कार्ड वाचल्यावर वाटलं, ती नुसती सोय होती.

मग मी अंगणात गेलो. बोल्या झाडत होता. (तो स्टुलावर नसून अंगणात का होता, ते आत्ता राहू दे.) त्याला सांगितलं, मी तुमच्या मुलीला पत्र लिहिलं. तो झाडायचा थांबला नाही. फक्त त्याच जागी पुन्हा पुन्हा झाडू फिरवू लागला. मग हळूहळू म्हणाला, "आम्ही दोघं भाऊ रंगारी. परांचीवर उभे राहून एकाच भिंतीला रंग द्यायचो. भांडण कशावरून झालं ते आता सांगायलाही लाज वाटते. परांचीचा पाइप माझ्या हातात होता. ती दारात उभी होती. कोर्टात तिला विचारलं, तिने सांगितलं." एवढं बोलून तो दुसऱ्या कोपऱ्याकडे गेला.

मी तुम्हाला काका म्हणा असं लिहिलं होतं. मला माफ करा.

तुमचा पत्ता पाकिटावरून मिळाला. तो दर वर्षी तुम्हाला एक पत्र घालतो, ते न फोडता परत येतं. यंदाचं आलं तेव्हा त्याने त्या पाकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर नक्षीतली एक दुरुस्ती लिहून मला दिली. बरा कागद वाया का घालवायचा, म्हणाला. रंगारी माणूस, काही फुकट जाऊ देत नाही.

लिहू नका म्हणालात, म्हणून हे शेवटचं. पण कविता तुमच्या वाटणीची आहे असं मला वाटतं, ती माझ्याकडे ठेवून घेणं बरोबर नाही. ती कागदावर कुठेच नाही. बोल्या पुन्हा म्हणत नाही. मी चौघांना विचारून गोळा केली. गंमत अशी की त्यांना शब्द आठवत नव्हते. मागासमोर बसवून बोटं त्या ओळींवरून फिरवायला लावली, तेव्हा शब्द निघाले.

काळी कडी, काळं कुलूप,
काळा गज, हात लावला की गार.
राखी पहाट मोजणीची,
राखी पाणी, राखी माझी बोटं.
हिरवा फक्त ऐकला आहे,
भिंतीपलीकडे, पानांचा.
तांबडा एकदाच. माझ्याच हातून.
मातकट शिक्षा: रोज झाडावं अंगण,
आणि रोज त्याचं पुन्हा अंगण व्हावं.
पांढरं ती बोलली.
निजका

इथे संपते. संपते की थांबते, ते मला ठरवता येत नाही.

आपला,
मास्तर


२७ फेब्रुवारी

ताई,

तुम्ही पुन्हा लिहाल असं वाटलं नव्हतं. यावेळी पाकीट होतं, आणि आत एकच प्रश्न. "पांढऱ्याबद्दल सांगा. तो किती आहे?"

हा प्रश्न मला सुचायला हवा होता. मी रंग मोजत बसलो आणि त्यांची लांबी बघितलीच नाही. आकडा नसला की पुढचा रंग येईपर्यंत तोच चालू ठेवायचा, हा नियम तुम्हाला आठवत असेल. म्हणजे तो जिथे भरभर बोलला तिथे रंग आखूड आला, आणि जिथे गप्प राहिला तिथे लांबला. त्याचं गप्प बसणंही विणलं गेलं आहे. तुमचं पत्र हातात घेऊन मी पुन्हा मागाखाली झोपलो. हवालदार आता विचारतसुद्धा नाही.

काळा तुकड्यातुकड्यांनी येतो. तांबडा इवलासा आहे, प्रत्येक पट्ट्यावर जेमतेम बोटभर. तो शब्द त्याने घाईने गिळला असणार. आणि पांढरा, ताई, कडेपासून कडेपर्यंत आहे. चारही पट्टे जोडून गालिच्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एक अख्खी पांढरी ओळ, आणि तिच्यावर दुसरी, आणि तिसरीही. "पांढरं ती बोलली" म्हणून तो एवढा वेळ गप्प बसला. चौघं विणत राहिले. त्यात एकही गाठ सैल नाही. मी पाठीमागून बघितली आहे, पाठ खोटं बोलत नाही.

तुम्ही जे विचारलं नाहीत त्याचंही उत्तर यात असेल, तर ते तुम्ही काढा. मी त्यात शब्द घालणार नाही.

आता मी तुमच्यापासून लपवलेलं सांगतो. हा माग तेव्हापासून बंद आहे. अर्धी ओळ तशीच ठेवून पुढे जाता येत नाही, ओळ भरली की मगच तिच्यावर आडवा दोरा बसतो. बोल्याला म्हटलं, दुसरा कुठलातरी रंग बोल. तो नाही म्हणाला. प्रकरण तुरुंगाच्या साहेबांपर्यंत गेलं. साहेब वाईट माणूस नाही, पण त्यांना वर उत्तर द्यावं लागतं.

"मास्तर, चार माणसं हात चोळत बसली आहेत. हा माग उभा का?"

"ओळ पुरी व्हायची आहे, साहेब. एका रंगासाठी अडलंय."

"मग घाला की. गोदामात रंगांचा दुष्काळ पडलाय का?"

"तो नाही गोदामात."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझी काळजी वाटली. मग हुकूम झाला. बोल्याला स्टुलावरून काढून पुन्हा अंगणात झाडायला लावायचं, आणि त्या दिवसाचं सगळं विणकाम उसवायचं. मी मार्चअखेरपर्यंतची मुदत मागून घेतली. पांढऱ्या ओळीसकट उसवावं लागेल, म्हणून तुम्हाला आधी सांगितलं नव्हतं.

कारखान्यात मात्र दुसरा विषय नाही. टेलर नावाचा कैदी आहे, बाहेर असताना शिवणकाम करायचा. तो म्हणतो, "निजका म्हणजे उशीच्या खोळीचा रंग. धुऊन धुऊन शेवटी जो उरतो तो."

"हट्! काळाच असणार," त्याच्या शेजारी विणणारा लांब्या म्हणाला. "डोळे मिटल्यावर काय दिसतं? काळं."

"ते तुझं मनच काळं, त्याला रंग काय करणार!" टेलर म्हणाला.

आजोबा हसले नाहीत. म्हणाले, "माझा पिवळा. इथे रात्रभर दिवा चालू असतो ना, डोळे मिटले तरी तो आत येतो. बाहेर होतो तेव्हा कोणता होता, ते आता आठवत नाही."

मी घरी आंघोळ करून देवापुढे बसलो, डोळे मिटले, आणि नाव घ्यायच्या ऐवजी रंगच शोधत राहिलो. मला निळसर काहीतरी दिसलं. देव रागावला नसावा. मधल्या खोलीतून बायको म्हणाली, "कैद्यांच्या रंगात एवढं डोकं घालता, आपल्या दाराचे पोपडे निघालेत तिकडे कधी बघणार?"

आपला,
मास्तर


२० मार्च

ताई,

तुमचं मोठं पत्र आलं. उत्तराला उशीर झाला.

म्हणजे निजका हा रंग दुकानात मिळणाराच नव्हता. प्रत्येक कामातून उरलेला रंग एका बादलीत ओतून ठेवायचा, आणि वर्षाच्या शेवटी त्याने घराची एखादी भिंत रंगवायची. त्या वर्षी तुमच्या झोपायच्या कोपऱ्याची पाळी आली. पहिला हात बाबांनी दिला, दुसरा काकांनी. काका म्हणाले, "हा कसला रंग? याला नाव तरी आहे का?" आणि तुम्ही, भिंतीकडे तोंड करून पडलेल्या, अर्धवट झोपेत म्हणालात, "निजका." माझ्या डोळ्यांपुढे ते चित्र उभं राहिलं. दोन मोठी माणसं हातात कुंचले घेऊन हसताहेत आणि पोर झोपलेली.

तुम्ही लिहिलंत की आता तुमच्या घरी सगळ्या भिंती पांढऱ्या आहेत.

मी चूक केली का ते ठाऊक नाही, पण हे मी बोल्याला सांगितलं. तो भिंतीच्या सावलीत बसला होता. ऐकून घेतलं. मला वाटलं रडेल. त्याने उलट मलाच विचारलं, "तिला ते काकांचं बोलणं आठवतं?"

"सगळं आठवतं."

"मग बरं."

मी म्हटलं, "आता रंग कळलाय. उरलेल्या रंगांचंच काम आहे, रंगाच्या भट्टीवर करून बघू. ओळ भरून टाकू. साहेबांची मुदत संपत आली."

"नाही मास्तर. ती जागा मोकळीच राहू दे."

"मोकळी राहिली तर सगळंच उसवणार."

"उसवू देत. कोर्टाने दिलेली शिक्षा इथे सगळ्यांना आहे, सगळ्यांसारखी. तेच अंगण, तीच मोजणी. ही एकच माझी मी दिलेली आहे. त्या कोपऱ्यात मला जागा नाही. त्यात गाठ मारायची नाही."

मी परत आलो आणि बंद मागासमोर बसून राहिलो. इतकी वर्षं तुरुंगात येतो, शिक्षा म्हणजे दार, वेळ आणि गणवेश एवढंच मला माहीत होतं. माणूस स्वतःलाही शिक्षा देतो, आणि ती जपून ठेवतो, दुसऱ्याला हात लावू देत नाही, हे पहिल्यांदा पाहिलं. त्याचं बरोबर आहे की तो हट्टीपणा आहे? देवाने माणसाला शिक्षा दिली की ती कधीतरी संपते, असं आमच्या गावचे कीर्तनकार सांगायचे. स्वतः दिलेली कोण संपवणार, ते त्यांनी सांगितलं नव्हतं.

तुम्हाला काय वाटतं, ते लिहिलंत तर बरं होईल. नाही लिहिलंत तरी मी समजेन.

आपला,
मास्तर


६ एप्रिल

ताई,

पाकीट जपून उघडलं. कापसात गुंडाळलेला पोपडा अखंड पोचला, फक्त एक कोपरा मोडला. मी तो चुरा टाकला नाही.

तुम्ही त्या जुन्या घरी जाऊन, कुलूप उघडून, त्या कोपऱ्यातून हा काढलात. त्यासाठी किती वेळ दाराशी उभ्या राहिल्या असाल, ते मी विचारत नाही.

चिठ्ठी मी पाठ केली आहे. "ती भिंत माझी होती. नाव मी दिलं. दुसरा हात माझ्या काकांचा आहे. बाबांनी स्वतःला काय शिक्षा द्यायची ती द्यावी, पण माझ्या रंगात देऊ नये. मी काही गुन्हा केलेला नाही, आणि काकांनीही नाही. माफ केलं असं समजू नका आणि त्यांना तसं सांगूही नका. रंग भरा."

हे वाचून मी उठून उभा राहिलो. का, ते सांगता येणार नाही.

आता रंगाबद्दल. आमचे सगळे अंदाज चुकले. खिडकीशी धरला तर राखी, जवळ आणला तर त्यात गुलाबी झाक, आणि सावलीत नेला की कुठूनतरी हिरवा डोकावतो. पोपड्याची कड भिंगातून पाहिली तर दोन थर वेगळे दिसतात. खालचा जरा गडद आहे. दुसऱ्या हाताच्या वेळी बादलीत आणखी काहीतरी ओतलं असणार. मी वरचा थर नमुन्याला धरला, तुमच्या डोळ्यांना तोच दिसत होता म्हणून.

तीन लड्या वाया गेल्या. पहिली चिखलासारखी आली. दुसरी भट्टीतून काढली तेव्हा हुबेहूब वाटली, मी खूश होऊन सगळ्यांना दाखवली, आणि वाळल्यावर ती फिकी पडून गेली. लोकर ओली असताना रंगाबद्दल काहीही सांगते, तिच्यावर विश्वास ठेवायचा नसतो. हे मी शिकाऊ कैद्यांना पहिल्याच दिवशी सांगतो आणि स्वतः विसरलो. टेलर म्हणाला, "मास्तर, तुम्ही लहान पोरासारखे उड्या मारताय." चौथी लडी दोरीवर वाळत घातली आणि दर थोड्या वेळाने पोपडा घेऊन तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो. संध्याकाळी फाटक बंद व्हायच्या आधी दोन्ही शेजारी धरले तेव्हा कुठलं कुठे संपतं ते कळेना.

साहेब स्वतः आले. मुदत उलटून गेली होती. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते दोरीखाली उभे राहिले आणि म्हणाले, "हाच का तो?"

"हो साहेब."

"मी निळा समजलो होतो." मग माझ्याकडे वळून, "हे बघा मास्तर, या तुकड्याचा मोठा गालिचा होणार नाही. ओळ भरा, वर साधी काळी पट्टी घालून कापून टाका, आणि मागावर नवा ताणा चढवा. उसवायला आणखी वेळ घालवू नका. आणि हा तुकडा कपाटात ठेवा, वरून कोणी आलं तर मला दिसता कामा नये."

म्हणजे आता अडसर फक्त एकच. तुमचे बाबा नाही म्हणतात, तुम्ही भरा म्हणता. आणि लडी माझ्या हातात.

मी आजवर कागदावर नसलेला बोल कधी दिलेला नाही. वस्ताद सांगायचे, नक्षी आपली नाही, बोलही आपला नाही, गाठ घट्ट की सैल एवढंच आपलं. त्या आडोशाला मी आयुष्यभर सुखाने राहिलो. तुमच्या दोघांच्या मध्ये मी पडावं की नाही, याचा विचार करतो आहे. काल देवापुढे बसलो तेव्हा त्यालाही विचारलं. तो नेहमीसारखाच गप्प होता.

आपला,
मास्तर


१९ एप्रिल

ताई,

आज केलं.

सकाळी फाटकातून आत गेल्यावर आधी अंगणात गेलो. बोल्याच्या हातातून झाडू घेतला आणि भिंतीला टेकवून ठेवला. साहेबांची परवानगी आदल्या दिवशीच काढली होती. त्याला म्हटलं, "चला. आज माणूस कमी आहे." हे खोटं होतं. चौघंही आपापल्या जागी बसलेले होते.

तो आत आला आणि त्याने मागाच्या खुंटीवर लटकवलेली लडी पाहिली. कोणी काही सांगायची गरजच पडली नाही. तो तिथेच उभा राहिला. नंतर त्याने हात पुढे केला आणि लोकरीला न लावताच मागे घेतला.

"मी नको म्हणालो होतो, मास्तर."

"हो. आणि तिने भरा म्हणून लिहिलंय. तिचं म्हणणं आहे, रंग तिचा आहे. त्यात तुम्ही स्वतःला शिक्षा द्यायची नाही."

"असं म्हणाली?"

"आणि दुसरा हात काकांचा आहे, म्हणाली."

तुम्ही जे सांगू नका म्हणाला होतात, ते सांगितलं नाही. त्यानेही विचारलं नाही. मला वाटतं त्याला विचारायचं होतं.

तेवढ्यात आजोबा कण्हत कण्हत उठले. "माझा गुडघा आखडलाय रे बाबा. कोणीतरी माझ्या जागेवर बसा, मला जरा पाय मोकळे करू द्या." लांब्या म्हणाला, "काल तर पळत होतात." आजोबांनी त्याच्या टाळूवर टिचकी मारली आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले.

बोल्या आजोबांच्या जागेवर बसला. त्याने गालिच्याची गाठ कधीच मारली नव्हती, तो नेहमी बोलणाराच. टेलरने त्याला बोटं कशी धरायची ते दाखवलं. रंगाऱ्याचे हात, शिकायला वेळ लागला नाही.

मग मी स्टुलावर बसलो. मी बसलो की हातात नेहमी नक्षीचा कागद असतो, आज काहीच नव्हतं. हात कुठे ठेवावे ते कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. मनात देवाचं नाव घेतलं. आणि मोठ्यांदा, जसा बोल द्यायचा तसा, म्हणालो,

"निजका."

तीन आवाज आले, "बसली." चौथा आला नाही. मला त्याची पाठ दिसत होती. खांदे हलत नव्हते. मी वाट पाहिली. घाई केली नाही, दुसऱ्यांदा म्हटलं नाही. मग लोकर ताण्याच्या दोऱ्यांतून ओढल्याचा आवाज आला, सुरी फिरली, आणि तो अगदी हळू म्हणाला, "बसली."

मी आकडा दिला नव्हता. आमचा नियम तुम्हाला माहीत आहे. पुढचा रंग येईपर्यंत तोच चालू ठेवायचा असतो. ओळ कडेला पोचेपर्यंत मी गप्प बसून राहिलो.

आपला,
मास्तर